ज्याची चावी, त्याच्या तोंडावर

"हरवली म्हणजे काय झालं? पाय फुटले तिला?"

गाडीची चावी हरवून आलेल्या प्रत्येक माणसाला बाई हाच प्रश्न विचारायची. समोरचा सुटाबुटातला असो की टेम्पोवाला, तिच्या आवाजात फरक पडत नसे. तो बिचारा घामाघूम, गाडी सोसायटीच्या फाटकात आडवी, शेजारी फोन करून जीव खातायत, आणि ही चष्मा कपाळावर चढवून त्याची उलटतपासणी घेते आहे. शेवटची कुठे बघितलीस? काल कुठली पँट होती? फ्रिजवर बघितलंस? देवघरात? "जा, आधी घरी जाऊन नीट बघ. नसली तर ये." चाव्या बनवून पोट भरणारी बाई गिऱ्हाइकाला चावी शोधायला घरी पाठवते, असला धंदा मी दुसरीकडे पाहिला नाही. निम्मे लोक परत येत नसत. पण एखादा ओशाळून आलाच, "मिळाली हो बाई, पिठाच्या डब्यावर होती" असं सांगायला, तर नवी चावी विकल्यापेक्षा तिला जास्त आनंद व्हायचा. त्याला ती बसवून चहा पाजायची.

परळला, करी रोडच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचा गाळा होता. माझ्या वडिलांनी, आबांनी, घेतलेला. त्यांच्यानंतर मी तो चालवला आणि लोकांना क्लच हळू सोडायला शिकवता शिकवता माझा घसा आणि स्वभाव दोन्ही बिघडवून घेतले. गाळा आमच्या गरजेपेक्षा मोठा होता, म्हणून आबांनी मधे प्लायवूड ठोकलं आणि पलीकडचा भाग बाईला दिला. प्लायवूड छतापर्यंत पोचलं नव्हतं. त्या फटीतून आमच्या बुद्धपौर्णिमेची खीर तिकडे जायची आणि तिच्या चतुर्थीचे मोदक इकडे यायचे. तिच्या सोल्डरिंगचा धूरही यायचा आणि तिची मतंही यायची. मी इकडे एखाद्या नवशिक्याला समजावत असले, की पलीकडून आवाज, "अगो बाय, त्याला पाणी दे आधी, मग ओरड."

बाईला नाव होतं, पण ते कोणी वापरत नसे. ती मूळची मालवणकडची, जन्म मात्र लालबागचा. ऐन तारुण्यात ती अंधेरीच्या एका कंपनीत टीव्हीच्या आतले बोर्ड सोल्डर करायची. कंपनी बंद पडली तेव्हा बरोबरीच्या बायकांनी पोळ्या लाटायला घेतल्या. हिने टीव्हीचे रिमोट दुरुस्त करायला घेतले. पुढे गाड्यांच्या चाव्याच रिमोटसारख्या झाल्या, त्यांच्यात चीप आली, बटणं आली, आणि बाईचं नशीब उघडलं. नवरा घरी असायचा आणि स्वयंपाक फार उत्तम करायचा, एवढंच आम्हाला त्याच्याबद्दल डब्यावरून कळत होतं.

चीपला ती चीप म्हणत नसे. जीव म्हणायची. "लोखंडी पातं काय, कोणीपण कापून देईल. जीव घालायला मी लागते." बिनचिपेची चावी तिच्या भाषेत मढं. गिऱ्हाइकाने चावी तिच्या हातात द्यायची नाही, टेबलावरच्या स्टीलच्या ताटात ठेवायची, हा नियम. ताटात रबराचा तुकडा अंथरलेला असे. विजेचा झटका लागून आतला माल खराब होऊ नये म्हणून हे असावं अशी माझी समजूत होती. एकदा विचारलं तर म्हणाली, "छे गो. दुसऱ्याच्या हाताची साडेसाती माझ्या हाताला कशाला?" आणि हे सांगताना ती अजिबात हसत नव्हती.

दिसायला ती ठेंगणी, सुती साडी, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, डोक्यात शुक्रवारी अबोलीचा गजरा. गाड्यांची कुंडली वाचणारं तिचं मशीन ती बाजाराच्या कापडी पिशवीत घेऊन फिरायची आणि वर कोथिंबिरीची जुडी ठेवायची. चोराला कळू नये म्हणून. कोथिंबीर रोज ताजी. "सुकलेली जुडी घेऊन कोण बाई फिरते? लगेच संशय येईल," हे तिचं म्हणणं. संध्याकाळी ती जुडी मला मिळायची, म्हणून मी कधी वाद घातला नाही.

तिचे हंगाम ठरलेले होते. सगळ्यात मोठा अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी. अख्खं लालबाग झोपलेलं, दुकानांची शटर खाली, रस्त्यावर गुलालाचा थर, आणि बाई मात्र सकाळीच गाळा उघडून तयार. कारण आदल्या दिवशी गिरगाव चौपाटीवर बाप्पाला पोचवायला कमरेइतक्या पाण्यात गेलेले भक्त खिशातली चावी विसरलेले असत. मग रांग. डोळे लाल, घसे बसलेले, केसात गुलाल, हातात खाऱ्या पाण्याने मेलेली चावी. कोणी ती रात्रभर तांदळात पुरून ठेवलेली. बाई एकेकाला फैलावर घेई. "मेल्या, बाप्पाक उंदीर पुरे आसा. तुझी गाडी कित्याक देतंस तेका?" रागावली की ती मालवणीवर जायची. मायेत आली तरी मालवणीवरच जायची. त्यामुळे समोरच्याला नेमकं काय चाललंय ते कळायला जरा वेळ लागे.

दुसरा हंगाम दसऱ्यानंतर. नव्या गाडीची पूजा करताना लोक चावीलाही हळदकुंकू वाहतात, वर पंचामृताचे दोन थेंब. बटणं चिकटली की आहेच बाई. "देवाला दूध आवडतं, सर्किटला नाही आवडत," असं ती म्हणायची आणि मऊ ब्रशने कुंकू काढताना स्वतःच कपाळाला बोट लावायची. मसाल्याच्या दुकानदारांच्या चाव्या उघडल्या की त्यातून मिरचीची पूड निघे आणि प्लायवूडच्या दोन्ही बाजूंना शिंका सुरू व्हायच्या. अलीकडे काही गाड्यांना चावीऐवजी कार्ड येऊ लागलं. पुरुष ते पाकिटात ठेवतात आणि पाकीट मागच्या खिशात. मोडलेलं कार्ड ताटात पडलं की बाई गिऱ्हाइकाकडे वरपासून खालपर्यंत बघायची आणि म्हणायची, "बसलास ना त्याच्यावर?" बँकेतले मोठे साहेबसुद्धा मान खाली घालत.

चावीच्या जुडग्यावरून माणूस ओळखता येतो, असा तिला भयंकर गर्व होता. तो गर्व साफ खोटा होता. एकदा एका सज्जन गृहस्थांकडे दोन वेगवेगळी जुडगी दिसली तर ही प्लायवूडवरून मला सांगते, हळू आवाजात म्हणून, पण रस्त्यावर ऐकू जाईल इतपत, "दुसरं घर आहे हो याचं." ते गृहस्थ तिथेच उभे होते. दुसरं जुडगं त्यांच्या सोसायटीच्या पंपघराचं निघालं. ते सेक्रेटरी होते. बाईने माफी मागितली नाही. "सेक्रेटरी म्हणजे दुसरं घरच झालं," एवढं म्हणून ती कामाला लागली.

पण बाईचा जो खरा नियम होता, ज्यावरून लोक भांडून जायचे, तो वेगळाच. नव्या गाड्यांचं असं असतं, की एखादी चावी नव्याने ओळखवायची तर बऱ्याच गाड्या आधीच्या सगळ्या चाव्या विसरतात. मग घरातल्या असतील तेवढ्या चाव्या त्याच वेळी एकेक करून गाडीला पुन्हा दाखवायच्या. जी दाखवली नाही ती मेली. तिने दार उघडेल, पण इंजिन चालू होणार नाही. म्हणून कुठलाही चावीवाला सांगतो, सगळ्या चाव्या घेऊन या. बाई त्याच्या पुढे जायची. ती म्हणायची, चाव्या आणा आणि चाव्यांचे धनीही आणा. एखादी चावी मुद्दाम मारायची असेल तर ती ज्याच्याकडे आहे तो माणूस समोर पाहिजे. "ज्याची चावी मारायची, त्याच्या तोंडावर मारायची. पाठीमागे मी काय करणार नाय."

मसालेवाल्या दोन भावांची गाडी सामायिक होती आणि बोलणं बंद होतं. धाकट्याला थोरल्याची चावी गुपचूप बाद करून हवी होती. बाईने थोरल्याला निरोप पाठवून बोलावून घेतलं आणि दोघांना एकाच गाडीत, पुढच्या दोन सीटवर, शेजारी शेजारी बसवलं. एखाद्या गोष्टीत दोघांचे डोळे पाणावले असते. इथे दोघांची अशी जुंपली की आमच्या गाळ्यासमोर गर्दी झाली. चाव्या दोन्ही जिवंत राहिल्या आणि भांडणही. पण बाई खूश होती. आता निदान समोरासमोर भांडतायत, म्हणाली.

आता तो गाळा नाही. इमारत पुनर्विकासाला गेली, तिथे पत्रे उभे आहेत, आणि बाई नवऱ्याबरोबर गावी राहायला गेली. फोन ती इथे असतानाही उचलत नसे, "हात मोकळे नसतात" म्हणून. आता तिथे रेंज नसते. परवा माझी चावी बिघडली तेव्हा मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. थंडगार हॉल, गुळगुळीत फरशी, टाय लावलेला गोड मुलगा. त्याने माझ्याकडून चावी घेतली, टोकन दिलं, कॉफी विचारली. चावी कुठे पडली, कशी पडली, घरी कोण कोण असतं, यातलं काही विचारलं नाही. मला तिथे बसून बाईची इतकी आठवण आली की कॉफी तशीच राहिली.

आणि बाईची आठवण आली की मला तिचा रागही येतो. तो एका गोष्टीचा आहे, आणि ती गोष्ट आबांची आहे.

आबांनी अर्ध्या परळला गाडी शिकवली. आयुष्यात कधी कोणाला साधा धक्का दिला नाही, याचा त्यांना फार अभिमान. सत्तरी ओलांडल्यावर त्यांना काचबिंदू झाला. त्यात समोरचं स्पष्ट दिसतं, पण कडेकडेचं हळूहळू नाहीसं होत जातं, आणि नाहीसं झालेलं माणसाला कळत नाही. डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणून सांगितलं. आबा म्हणाले, "मला त्याच्या भिंतीवरची शेवटची ओळ वाचता येते, तो कोण मला सांगणार?" आणि घरची गाडी घेऊन ते रोज सकाळी दादरला फुलबाजारापर्यंत जातच राहिले. मग एक दिवस आमच्या भाजीवालीने मला बाजूला घेतलं. डाव्या बाजूने शाळेची एक पोर रस्त्यात आली होती. आबांना ती दिसलीच नाही. भाजीवालीने तिचं दप्तर धरून मागे ओढलं म्हणून वाचली. आबा तसेच पुढे निघून गेले होते. त्यांना काही झाल्याचा पत्ताच नव्हता.

मी घरी आईला सांगितलं. ती नुसती रडली. आबांकडून चावी मागून मिळणार नव्हती. ती दिवसा बंडीच्या खिशात असे आणि रात्री उशीखाली. तेव्हा मी सरळ विचार केला. गाडीला आबांची चावी विसरायला लावायची. इंजिन चालू होणार नाही, आपण म्हणू बॅटरी गेली, मेकॅनिक गावाला गेलाय. त्यांचा अपमान नको आणि कोणाचा जीवही जायला नको. मला आजही त्यात काही चुकीचं वाटत नाही.

मी प्लायवूडवरून बाईला सांगितलं. सोल्डरिंग थांबलं.

"आणि बॅटरी किती दिवस गेलेली ठेवणार तू?"

"महिनाभर. तोवर सवय सुटेल त्यांची."

"तुझो बापूस इसरूचो नाय." मग शांतपणे, "त्यांना घेऊन ये. त्यांच्यासमोर करते."

"बाई, ते ऐकणार नाहीत हो! कळत नाही का तुम्हाला? एखादं पोर मरेल."

"म्हणून तर सांगते, घेऊन ये."

मी बरंच काही बोलले. नियम गिऱ्हाइकांना दाखवा, आमच्या गाळ्यात बसून आम्हाला दाखवू नका, हेसुद्धा बोलले. बाईने सोल्डरिंग पुन्हा सुरू केलं. दादरला दुसरा एक चावीवाला होता, दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे जायचं मी ठरवून टाकलं.

त्याच संध्याकाळी बाई कोथिंबिरीची पिशवी घेऊन आमच्या घरी गेली, आबांच्या समोर बसली आणि म्हणाली, "आबा, तुमची मुलगी तुमची चावी बाद करायला सांगते. तुम्हाला बाजूचं दिसत नाही म्हणते. मी नाही म्हटलं. आता तुम्ही काय ते बघा." शाळेच्या पोरीचंही सांगितलं. आईने दिलेला चहा प्यायली आणि निघून गेली.

मी घरी पोचले तेव्हा आबा खिडकीत पाठ करून बसले होते. जेवले नाहीत. आयुष्यात मला कोणाचा एवढा संताप आला नसेल जेवढा त्या वेळी बाईचा आला. हिला कोणी अधिकार दिला आमच्या घरात घुसायचा? रात्री आई म्हणाली, "त्या पोरीचं वय काय होतं म्हणून विचारत होते मला."

सकाळी आबा इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून माझ्यासमोर उभे. "सगळ्या चाव्या घे. बाईंकडे जायचंय. गाडी तू चालव."

गाळ्यासमोर गाडी लावली. आबा म्हणाले, मी ड्रायव्हरच्या जागी बसणार. बसले. बाई डाव्या सीटवर बसली, स्टिअरिंगखाली वाकून मशीनची वायर लावली. मी दार उघडं धरून आबांच्या बाजूला उभी. स्टीलचं ताट बाईच्या मांडीवर, त्यात माझी चावी आणि आईच्या कपाटातली जादाची. आबांची त्यांच्या मुठीत.

बाईने मशीनवर काहीतरी दाबलं. डॅशबोर्डवर चावीचं छोटं चित्र लुकलुकायला लागलं. म्हणजे गाडी सगळ्यांना विसरली होती.

"ही घाला, आबा." आबांनी माझी चावी लावली, फिरवली. दिवा स्थिर झाला, पुन्हा लुकलुकला. "आता ही." आईची लावली. दिवा स्थिर झाला, पुन्हा लुकलुकायला लागला.

बाईने रिकामं ताट पुढे केलं. "आबा, तुमचीपण जिवंत ठेवायची तर आत्ताच द्या. गाडी फार वेळ थांबत नाही."

आबा समोर बघत होते. मूठ मांडीवर. मागे एक टेम्पो हॉर्न मारत होता आणि मी हाताने त्याला थांबवत होते, पण माझं लक्ष त्या दिव्याकडे होतं. मला वाटलं, देतील. देऊन टाकतील आणि उद्या सकाळी पुन्हा निघतील. बाईच्या नियमापुढे ती शाळेची पोर आणि मी, आम्ही दोघी हरलो असं मला वाटलं. दिवसभर बडबडणारी ती बाई एक अक्षर बोलत नव्हती. देऊ नका म्हणाली नाही, द्या म्हणाली नाही. ताट तसंच धरून बसली होती.

मग आबा, मान न वळवता, हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही आहात ना इथं?"

ती त्यांच्या हातभर अंतरावर बसलेली होती. ताट त्यांच्या कोपराला लागत होतं.

"हंयच आसंय, आबा."

"मला दिसत नाही तुम्ही," आबा म्हणाले.

त्यांनी चावी शर्टाच्या खिशात टाकली आणि वरचं बटण लावलं. दिवा विझला. मला रडू येत होतं आणि मी टेम्पोवाल्यावर ओरडून ते काढलं.

बाईने वायर गुंडाळली, मशीन पिशवीत घातलं, वर कोथिंबीर ठेवली. खाली उतरली ती सरळ मागचं दार उघडून आत बसली. "मला शीव कोळीवाड्याला सोडा. एकाची चावी होडीतून पाण्यात पडलीय, कधीचा खोळंबलाय."

आबा उतरले, बॉनेटला हात लावत गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला येऊन बसले. त्यांची खरी जागा तीच होती; सगळा जन्म त्यांनी तिथेच बसून काढला होता. मी गाडी काढली. पहिल्याच सिग्नलला मला दिसलं, आबांचा उजवा पाय खालच्या चटईवर जोरात दाबला गेला. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. घरच्या गाडीत तिथे नुसती चटई होती. त्यांना ते माहीत होतं, पायाला नव्हतं.

पुढच्या सिग्नलपासून मी समोर बघणं अर्धं सोडलं आणि त्यांच्या पायाकडे बघायला लागले. तो दाबला गेला की मी ब्रेक लावायचा. तो उचलला की मी सोडायचा. परळपासून शीवपर्यंत गाडी तशीच गेली, लोणी कापावं इतकी मऊ. मागच्या सीटवर बाई आरशात माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. माझा राग अजून गेला नव्हता.

कोळीवाड्याच्या तोंडाशी ती उतरली. निघता निघता तिने आबांच्या काचेवर टकटक केलं. आबांनी मान पूर्ण वळवून तिला शोधलं आणि काच खाली घेतली.

"ब्रेक फस्क्लास लागतो हो तुमचा, आबा."

"वेळेवर दाबला की लागतो," आबा म्हणाले.